तगादा लावणारा पाहिजे!

(एकपात्री विनोदी प्रयोग. रंगमंचावर टेबल, खुर्ची, लॅपटॉप, उघडी वही. मागच्या भिंतीवर कालनिर्णय. सादरकर्ता येतो, खुर्चीत बसतो, उठतो, खुर्ची दोन बोटं सरकवतो, पुन्हा बसतो. स्क्रीन पुसतो. पेन्सिलीला टोक करतो, टोक तुटतं, पुन्हा करतो. मग समाधानाने प्रेक्षकांकडे बघतो.)

मंडळी, आत्ता जे पाहिलंत त्याला ‘स्वतःचा व्यवसाय’ म्हणतात. यात आळस कुठे दिसला का तुम्हाला? अजिबात नाही. खुर्ची नीट केली, स्क्रीन पुसली, पेन्सिलीला दोनदा टोक केलं. सगळी कामंच आहेत. फक्त ज्याचे पैसे मिळतात ते एक काम सोडून! चित्रकार, अनुवादक, फोटोग्राफर, वेबसाइट बनवणारे, मालिकांचे संवाद लिहिणारे, अशा सगळ्या मंडळींचा नोकरदारांना हेवा वाटतो. का, तर यांना साहेब नाही. लग्नात कुणी विचारलं, ‘काय करतोस?’ की हे ऐटीत सांगतात, ‘स्वतःचं आहे.’ अहो, पण साहेब ही केवढी मोठी सोय आहे! दहा वाजून वीस मिनिटांनी तुम्ही दारातून आत आलात की कुणीतरी मान वर करून आधी घड्याळाकडे आणि मग तुमच्याकडे बघतं. ही सेवा नोकरदाराला फुकट मिळते. फुकट कसली, ती घ्यायचा त्याला पगार मिळतो!

(उठून कालनिर्णयापाशी जातो.) आता हे बघा. भिंतीवरचं कालनिर्णय. इथे दुधाचा हिशेब आहे: दीड लिटर, एक लिटर, नाही, नाही. गॅस कधी लावला ते आहे. कामवाल्या बाईंचे खाडे आहेत, लाल पेनाने, गोल करून. संकष्टीचा चंद्रोदय मिनिटासकट छापलेला आहे. या घरात चंद्र किती वाजता उगवणार ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण टेबलावरचं मुखपृष्ठ कधी पूर्ण होणार, हे चित्रकारालासुद्धा सांगता येत नाही. असं का? कारण चंद्राची कुणीतरी दिवसभर उपाशी बसून वाट बघतंय! मुखपृष्ठाची कुणीच बघत नाहीये. माझं आज रात्रीचं म्हणणं तेवढंच आहे. एकट्याने काम करणाऱ्याचं काम अडतं, ते मनगटात जोर नाही म्हणून अडत नाही. दारात कुणी उभं नाही म्हणून अडतं. त्याला इच्छाशक्ती नको, ॲप नको. त्याला तगादा लावणारा माणूस पाहिजे.

बाजारात मात्र भलतंच मिळतं. पहाटे पाचला उठा. थंड पाण्याने अंघोळ करा. चार रंगांच्या चिठ्ठ्या चिकटवा. ते नाहीतर टोमॅटो! फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने ऐंशीच्या दशकाच्या शेवटी स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ घेतलं, आणि पंचवीस मिनिटं काम, मग थोडी विश्रांती, अशी पद्धत काढली. पद्धत चांगली आहे, मी वाईट म्हणत नाही. पंचवीस मिनिटं मोबाईल लांब राहतो, हे आजच्या काळात पुण्यकर्मच. पण टोमॅटोची एक अडचण आहे. तुम्ही त्याला पिळलंच नाहीत, तर तो फोन करून विचारत नाही, ‘काय झालं आपल्या कामाचं?’ स्वतःच लावलेलं घड्याळ स्वतःलाच बंद करता येतं. स्वतःला दिलेली तारीख पुढे ढकलायला कुणाची सही लागत नाही. अर्ज करणारे आपण, मंजूर करणारे आपण. असं तत्पर कार्यालय अख्ख्या महाराष्ट्रात दुसरं सापडायचं नाही!

आता तिसऱ्या रांगेतून एक आवाज येणारच. तगादा हवा तो ढिल्या माणसांना. ज्याच्या अंगी शिस्त आहे त्याला कशाला? बरं. मग शिस्तीचा महामेरूच घेऊ. अँथनी ट्रोलॉप, एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार. पोस्टात नोकरी, आणि ती सांभाळून पहाटे साडेपाचला टेबलाशी हजर. समोर घड्याळ ठेवायचा आणि दर पंधरा मिनिटांना अडीचशे शब्द लिहायचा. आयुष्यात 47 कादंबऱ्या! त्याच्या मृत्यूनंतर, 1883 मध्ये, आत्मचरित्र बाहेर आलं, त्यात हा सगळा हिशेब छापलेला. रसिक हळहळले, ‘अरेरे, आम्ही याला कलावंत समजत होतो, हा तर कारकून निघाला!’ पण रसिकांनी घड्याळच बघितलं, त्याच आत्मचरित्रातला मोतद्दार बघितला नाही. घरात एक म्हातारा मोतद्दार होता. रोज पहाटे मालकाला उठवायचं आणि कॉफी द्यायची, एवढ्यासाठी त्याला वर्षाला पाच पौंड जादा मिळायचे. आणि ट्रोलॉप स्वतः म्हणतो की माझ्या यशाचं श्रेय इतर कुणाहीपेक्षा बहुधा याचंच जास्त. (थांबून) कळलं का? इंग्रजी साहित्यातल्या सगळ्यात शिस्तीच्या माणसाने शिस्त स्वतः केलीच नव्हती. पगारावर ठेवली होती!

‘म्हणजे शेवटी तारीखच ना? तारीख ठरवली की झालं!’ नाही हो, तारखेने नाही भागत. दोस्तोयेव्हस्कीचं बघा. 1865 मध्ये कर्जाने गळ्यापर्यंत बुडालेला. स्टेल्लोव्हस्की नावाच्या प्रकाशकाने तीन हजार रूबल दिले आणि करार लिहून घेतला: 1 नोव्हेंबर 1866 पर्यंत नवी कादंबरी दे, नाहीतर पुढची नऊ वर्षं तू जे लिहिशील ते मी फुकट छापणार. याहून कडक तारीख कुणी देऊ शकेल? आणि सप्टेंबर उलटून गेला तेव्हा कादंबरीची किती पानं झाली होती? एक ओळ नाही! वर्षभर तारीख डोक्यावर टांगलेली, आणि कागद कोरा. मग मित्रांच्या सल्ल्याने त्याने लघुलेखिका ठेवली. ॲना स्नीटकिना, वय वर्षं वीस. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ती पहिल्यांदा आली. रोज यायची, तो सांगायचा, ती उतरवून घ्यायची आणि घरी जाऊन स्वच्छ प्रत करून दुसऱ्या दिवशी परत हजर. सव्वीस दिवसांत ‘द गॅम्बलर’ पूर्ण! कादंबरी द्यायला गेला तर प्रकाशक गावातून पसार. मग पोलीस ठाण्यात हस्तलिखित जमा करून पावती घेतली. आता सांगा, काम कुणी करून घेतलं? नऊ वर्षांच्या धमकीने, की उद्या दुपारी पेन्सिल घेऊन येणाऱ्या मुलीने? लांबची तारीख माणसाला घाबरवते, बस्स. उद्याचा माणूस काम करून घेतो. पुढच्या फेब्रुवारीत त्याने तिच्याशी लग्न केलं. मी तसा आग्रह धरत नाही. तगादा लावणाऱ्या प्रत्येकाशी लग्न करायचं म्हटलं, तर बँकेच्या वसुली खात्याशीही करावं लागेल!

(लॅपटॉप मिटतो. आवाज बारीक, लाडिक करतो.) ‘पण आमचं काम सर्जनशील आहे हो. ते आतून यावं लागतं.’ येऊ दे की! फक्त ते कधी येणार याची चौकशी करायला काय हरकत आहे? रॉबर्ट बॉइस नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने लेखन अडलेल्या प्राध्यापकांवर केलेला अभ्यास 1983 मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना सांगितलं, मनात येईल तेव्हाच लिहा. काहींना सांगितलं, रोज लिहायचंच. नाही लिहिलंत तर तुम्हाला जिची चीड आहे अशा संस्थेला तुमचा चेक जाईल. काय जालीम उपाय! सक्तीवाल्यांची पानं जास्त झाली, हे तर होणारच होतं. पण त्यांना नव्या कल्पनाही जास्त सुचल्या. प्रेरणेची वाट बघत बसले त्यांच्याकडे प्रेरणासुद्धा कमीच फिरकली.

आणि पुराव्याला अमेरिकेपर्यंत जायची गरजच नाही. गीतरामायण घ्या! आकाशवाणी पुणे केंद्र, 1 एप्रिल 1955 पासून दर आठवड्याला नवं गीत. लिहिणारे गदिमा, चाल सुधीर फडक्यांची. वर्षभरात 56 गीतं. रेडिओचा आठवडा कुणासाठी थांबत नाही. श्रोते संच लावून बसलेले. पहिल्याच गीताचा कागद हरवला, कवी संतापले, पुन्हा लिहायला तयार होईनात, तेव्हा केंद्राच्या सीताकांत लाडांनी त्यांना खोलीत कोंडून बाहेरून कडी लावली आणि पंधरा मिनिटांत गीत तयार झालं, अशी हकीकत सांगतात. आमच्या साहित्याला कडीचं वावडं नाही, मंडळी! काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकाच्या प्रतिभेला पावसाळ्यातच बहर येतो. तो हवेने येत नाही. ‘कथा पाठवताय ना?’ हा संपादकाचा फोन येतो म्हणून येतो.

यावर एक आक्षेप खरोखर वजनदार आहे. तगाद्यावर लिहिलेलं गीतरामायण तुम्ही सांगता. तगाद्यावर लिहिलेल्या रद्दी कथा का नाही सांगत? सांगतो ना! पुष्कळ आहेत. दिवाळी अंक चाळलेल्या कुणालाही माहीत आहे. पण त्या कथा तगाद्यामुळे वाईट झाल्या, हे कशावरून? तगादा नसता तर त्या चांगल्या झाल्या नसत्या. उशिरा वाईट झाल्या असत्या. तगादा गुण देत नाही, तो फक्त परीक्षेला बसवतो. आणि न बसलेल्याला पैकीच्या पैकी मिळाल्याचं अजून तरी कुणी ऐकलेलं नाही.

‘आणि लिओनार्दो?’ हा तर हुकमाचा एक्का! मिलानमधल्या एका धार्मिक मंडळाने 1483 च्या एप्रिलमध्ये त्याला आणि दोन चित्रकार भावांना वेदीवरच्या चित्राचं काम दिलं; मुदत त्याच वर्षीच्या 8 डिसेंबरची. प्रकरण मिटलं 1508 मध्ये. पंचवीस वर्षं! आळशी कलावंतांनी हा दाखला देव्हाऱ्यात ठेवावा असाच आहे. पण जरा कागदपत्रं बघा. वाद प्रतिभेचा नव्हता, पैशाचा होता! चित्रकार म्हणत, ठरलेल्या रकमेत खर्चच भागत नाही, आणखी द्या. मंडळ म्हणे, जास्तीचं देणार नाही. म्हणजे पाचशे वर्षांपूर्वी, ‘मोनालिसा’ काढणाऱ्या माणसाचंसुद्धा पेमेंट अडकलेलं होतं. तगादा एकाच बाजूने चालत नाही. आपण कामाची तारीख पाळायची, आणि समोरच्याने पैशाची.

इथे मराठी माणूस एकदम संत होतो. (मोबाईल काढून टाइप केल्याचा अभिनय.) ‘सर, सहज आठवण करून देतोय. सवडीने बघा. घाई नाही.’ शेवटी जोडलेले दोन हात. घाई नाही? पाच तारखेला घरभाडं, सात तारखेला हप्ता, आणि म्हणे घाई नाही! अहो, तुमच्या वतीने तगादा लावायला भारताच्या संसदेने कायदा करून ठेवलाय. 2006 चा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा. तुम्ही एकटे सेवा देत असाल तरी सूक्ष्म उद्योग म्हणून उद्यम नोंदणी करता येते, तीही फुकट. मग करार काहीही असो, काम स्वीकारल्यापासून 45 दिवसांच्या पुढे पैसे लांबवता येत नाहीत. करारच नसेल तर पंधरा दिवस. त्यापुढे बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ! तेव्हा बिलाच्या तळाशी नोंदणी क्रमांक आणि देय तारीख छापा. ‘सवडीने’ लिहू नका. आठवड्यातला एक ठरावीक वार फक्त बिलं पाठवायला आणि जुनी बिलं मागायला ठेवा. त्या दिवशी संकोच वाटला तरी चालेल. दिवस मात्र बदलायचा नाही.

(टेबलाच्या पुढे येतो.) आता शेवटचा टोला. ‘तगादाच हवा होता तर नोकरी काय वाईट होती?’ फरक निवडीचा आहे. नोकरीत साहेब तुमच्या डोक्यावर येऊन बसतो. इथे तो तुम्ही नेमायचा आणि नाही जमला तर काढायचाही. स्टेल्लोव्हस्की वाट बघत होता आणि ॲनाही वाट बघत होती. तो बघत होता हा कधी फसतो; ती बघत होती याचं कधी पुरं होतं. माणूस निवडताना एवढा एक फरक ओळखा. दुसरं, घरातला माणूस नको. तो तुमचं तोंड उतरलेलं बघून चहा करतो आणि विषय बदलतो. तिसरं, ज्याचं पुढचं काम तुमच्यामुळे खरंच अडेल असा शोधा: संपादक, छपाईवाला, नाहीतर तुमच्यासारखाच एकटा काम करणारा कुणी. सोमवारी एकमेकांना काय करणार ते सांगायचं, शुक्रवारी जेवढं झालं तेवढं दाखवायचं. अर्धवट असेल तर अर्धवट. अर्धवट काम दाखवायची लाज हेच ते पूर्ण न होण्याचं निम्मं कारण. आणि यात आणखी एक फायदा आहे, जो त्या पहाटे पाचवाल्यांनी कधी सांगितला नाही. शुक्रवारी काम दिलं की शनिवार खरा शनिवार होतो. ज्याच्या कामाला तारीख नाही त्याला सुट्टीही नाही. तो गणपतीच्या आरतीत टाळ वाजवतानाही मनातल्या मनात मुखपृष्ठच रंगवत असतो.

तेव्हा मंडळी, प्रयोग संपल्यावर टाळ्या वाजवाल, त्याआधी एक करा. तुमच्या अडलेल्या कामाचं नाव आणि पुढच्या शुक्रवारची तारीख शेजारच्या माणसाला सांगा, आणि त्याचा नंबर घ्या. शेजारी नवरा, बायको किंवा आई असेल, (हात करून) तर कृपया जागा बदला. थांबतो मी. कोंडायला कडीही आहे!

(सादरकर्ता हाताची घडी घालून प्रेक्षकांकडे बघत उभा राहतो. पडदा.)