डीपीचं दार

आमच्या चौकातल्या डीपीला अखेर दार बसलं. दार फ्लेक्सचं आहे. ‘हरित ऊर्जेकडे दमदार वाटचाल’ असा मजकूर, कोपऱ्यात हसरा सूर्य, खाली हात जोडलेले सात फोटो. कार्यक्रम आटोपल्यावर कुणा शहाण्या वायरमनने तो फ्लेक्स उतरवला, दुमडला आणि डीपीच्या उघड्या तोंडावर सुतळीने बांधून टाकला. सातांपैकी तिघे दुमडीत गेले. सूर्य मात्र नेमका आर फेजवर आला.

वीजव्यवस्था सुधारते आहे, यात शंका नाही. छतावर तीन किलोवॉटचं सोलर बसवा, केंद्राचं ७८ हजार रुपये अनुदान घ्या. जिन्याखाली स्मार्ट मीटर आलाय, तो दर पंधरा मिनिटांचा हिशेब ठेवतो. जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटरवाल्या घरांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेत युनिटमागे सवलतही मिळते, कारण तेव्हा ऊन असतं आणि सौर वीज भरपूर. (आमच्याकडे देखभालीसाठी वीज बंद असते ती गुरुवारी, दहा ते पाच. स्वस्त विजेवर कपडे धुवायला उरलेले सहा दिवस आहेतच की.) म्हणजे एका टोकाला साक्षात सूर्य, दुसऱ्या टोकाला सिमकार्डवाला मीटर आणि मध्ये आमची डीपी.

या डीप्यांची दारं जातात कुठे, हा खरा संशोधनाचा विषय आहे. नवी डीपी येते तेव्हा दार असतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. करड्या रंगाचं, कवटी आणि दोन हाडं काढलेलं. पुढच्या अमावास्येपर्यंत ते गेलेलं असतं. भंगारवाल्यावर सगळ्यांचा संशय, पण तो बिचारा म्हणतो, पत्र्याला भाव कुठाय. आमच्या इस्त्रीवाल्याच्या टेबलाला खालून एक करडा पत्रा आहे आणि वाकून पाहिलं तर एक कवटी आपल्याकडे बघते. पण त्याने ते आधीच्या इस्त्रीवाल्याकडून रीतसर विकत घेतलंय, त्यामुळे पुढे बोलायची सोय नाही.

बरं, नवं दार मागावं, तर ते साधं मिळणार नाही हेही आता दिसू लागलंय. आधी सल्लागार नेमला जाईल. तो राज्यातल्या दारविरहित डीप्यांचं ड्रोनने सर्वेक्षण करेल. ड्रोन वरून उडणार, दार असतं बाजूला, तेव्हा अहवालात सगळ्या डीप्यांची छपरं उत्तम स्थितीत निघतील. मग स्मार्ट दाराची निविदा निघेल. दाराला सेन्सर, सेन्सरला सिमकार्ड, सिमकार्डाला सर्व्हर. दार उघडं राहिलं की सर्व्हरला निरोप, सर्व्हरचा साहेबांना निरोप. पहिल्या टप्प्यात सेन्सर येतील आणि दार नसल्यामुळे ते सुतळीने फ्यूजच्या पेटीला बांधले जातील. तिथून दर पंधरा मिनिटांनी, रात्री-बेरात्री, सणासुदीला, ते इमानेइतबारे कळवत राहतील की दार नाही, दार नाही, दार नाही. साहेबांच्या पडद्यावर जिल्हाभर लाल ठिपके उमटतील. त्या ठिपक्यांचं सादरीकरण होईल, सादरीकरणाला पारितोषिक मिळेल, पारितोषिकाचा फ्लेक्स लागेल. आणि तो फ्लेक्स कार्यक्रमानंतर कुठे जाईल, ते आमच्या वायरमनला विचारा.

फ्लेक्सच्या आत जे आहे तेही बघण्यासारखं आहे. किटकॅट फुटलेले, म्हणून तार थेट आवळलेली. एकदा फ्यूज उडाला की तार दुहेरी, दुसऱ्यांदा उडाला की तिहेरी. आता फ्यूज उडत नाही, थेट ट्रान्स्फॉर्मर जळतो. एक लग इतका ढिला आहे की संध्याकाळी सगळ्यांचे एसी लागले की तो लालबुंद होतो. तिथे किती युनिट नुसते तापण्यात जातात, हे कुणी मोजत नाही, कारण मीटर त्याच्या पुढे आहे. आम्ही मात्र एलईडी लावायचे, पाच ताऱ्यांचा फ्रिज घ्यायचा आणि एसी २४ अंशांच्या खाली न्यायचा नाही.

आणि सोलरवाल्यांची तऱ्हा ऐका. खांबावरची वीज गेली की छतावरचं सोलरही बंद पडतं. भर दुपारी, डोक्यावर पॅनल तापत असताना, खाली पुठ्ठ्याने वारा घ्यायचा. यामागचं कारण मात्र शंभर टक्के योग्य आहे. आपली वीज उलटी तारेत जाऊन वर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये, म्हणून इन्व्हर्टर स्वतःला बंद करून घेतो. एका डब्याला कधी न पाहिलेल्या माणसाच्या जिवाची एवढी काळजी! आणि शाळेच्या फाटकाशेजारी, पोराच्या छातीच्या उंचीवर, ४१५ व्होल्ट उघडे ठेवणाऱ्यांना? दर पावसाळ्यात तीच बातमी. चेंडू आणायला गेलेलं पोर, डीपीला चिकटलेली म्हैस, तिला सोडवायला गेलेला बाप. खाली दोन ओळी, चौकशीचे आदेश. देशात शॉक लागून मेलेल्यांचा सरकारी आकडा वर्षाला बारा हजारांच्या वर जातो. बारा हजार! एका दाराला काय लागतं हो? पत्रा, दोन बिजागऱ्या, एक कडी, एक कुलूप. स्थिर आकार घेता, वहन आकार घेता, त्यावर १६ टक्के वीज शुल्क घेता. आणखी एक ‘दार आकार’ लावा, मुकाट्याने भरू. पण लाज वाटू द्या.

तर मी तक्रार केली. मोबाइलवर पर्याय तीनच होते. वीज नाही, बिल जास्त, मीटर बंद. दार कशातच बसेना, म्हणून पहिला दाबला. दहा मिनिटांत फोन आला, हे कबूल करायला हवं.

“काका, लाइट गेली म्हणून कंप्लेंट आहे तुमची.”

“लाइट नाही, डीपीचं दार गेलंय.”

“आत्ता घरात लाइट आहे का?”

“आहे.”

“मग क्लोज करतो. ओटीपी आला असेल बघा, तेवढा सांगा.”