सीरम मुंबईचं, हवा नागपूरची

जुलैत मुंबईत वाळत घातलेला टॉवेल दुसऱ्या दिवशीही दमटच लागतो. मे महिन्यात नागपूरच्या गच्चीवर तोच टॉवेल अर्ध्या तासात कडक होतो. दोन्ही शहरांतल्या दुकानांत चेहऱ्याला ओलावा देणारं सीरम मात्र एकच. बाटली तीच, सूचना त्याच, 'बारा महिने वापरा' हा आग्रहही तोच.

कुठले बारा महिने? महाबळेश्वरचे की माणदेशाचे?

सीरममध्ये असतं काय? बहुतांशी पाणी. त्यात हायलुरॉनिक ॲसिड, ग्लिसरीन असे पाणी धरून ठेवणारे पदार्थ. ते पाणी धरतात, निर्माण करत नाहीत. सगळी गोम इथे आहे आणि विक्रेता नेमकी हीच सांगत नाही.

धरायला पाणी कुठून येणार? एक तर बाहेरच्या हवेतून, नाही तर कातडीच्या खालच्या थरांतून. कोकणात पावसाळ्यात हवेत पाणीच पाणी, तिथे अडचण नाही. विदर्भात मे महिन्याच्या दुपारी आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली जाते. तिथली हवा काय देणार? मग ओढ लागते ती खालच्या थरांतल्या पाण्याची. ते वर येतं आणि वर झाकण नसेल तर उडून जातं. थोड्या वेळाने चेहरा ओढल्यासारखा वाटतो.

मग माणूस काय करतो? आणखी सीरम लावतो.

म्हणून कोरड्या हवेत दोनच गोष्टी पाळायच्या. सीरम ओल्या चेहऱ्यावर लावायचं आणि लगेच वरून क्रीम किंवा साध्या पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवायचा. जेली पाणी देत नाही, असलेलं उडू देत नाही. रॉबर्ट चेसब्रो या अमेरिकी रसायनतज्ज्ञाने १८७२ साली तिचं पेटंट घेतलं. दीडशे वर्षं झाली, अजून तिच्याइतकं चांगलं झाकण सहसा सापडत नाही. ती स्वस्त आहे. सीरमइतका तिचा गाजावाजा का होत नाही, हे वेगळं सांगायला नकोच.

कातडीचा सर्वांत वरचा थर चेहऱ्यावर मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाइतका जाड. रचना विटांच्या भिंतीसारखी : मृत पेशी म्हणजे विटा, मधली चरबी म्हणजे चुना. पाणी आत राहतं ते या चुन्यामुळे. डिसेंबरात आपण करतो काय? कढत पाण्याने अंघोळ आणि खसाखसा साबण. साबणाचा सामू नऊ-दहा, कातडीचा पाचाच्या आसपास. आधी चुना धुऊन काढायचा आणि मग भिंतीवर महागडं पाणी शिंपडायचं.

अंघोळीचं पाणी कोमट केलं तर थंडीतली निम्मी कुरकुर थांबेल. पण कोमट पाणी बाटलीत भरून विकता येत नाही.

आता बाटलीवरच्या 'खोलवर' या शब्दाकडे वळू. हायलुरॉनिक ॲसिड १९३४ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कार्ल मायर आणि जॉन पामर यांना गाईच्या डोळ्यातल्या द्रवात सापडलं. पुढे ते कोंबड्याच्या तुऱ्यातून काढलं जाऊ लागलं. आता बहुतेक ठिकाणी जीवाणूंकडून तयार करून घेतात. पदार्थ चांगला आहे, याबद्दल वाद नाही. पण त्याचा रेणू अवाढव्य. डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप. धड कातडीतून साधारण पाचशे डाल्टनपर्यंतचेच रेणू सहज आत जातात, असा त्वचाविज्ञानातला ढोबळ नियम आहे. हायलुरॉनिक ॲसिडचा रेणू दहा लाख डाल्टनच्याही पुढे जातो. बारीक तुकडे केले तरी तो हजारांच्या घरात राहतो. म्हणजे बराचसा भाग वरच बसणार. वर बसूनही तो कातडी मऊ ठेवतो, हे खरं आहे.

मग तेवढंच सांगा ना!

आत जाणारंच हवं असेल तर ग्लिसरीन आहे. रेणूचं वजन फक्त ९२ डाल्टन. स्वीडनच्या कार्ल शेलेने १७७९ मध्ये ऑलिव्हचं तेल आणि शिशाचं ऑक्साइड एकत्र तापवून ते वेगळं केलं. साबण करताना ते आपोआप हाती लागतं, त्यामुळे स्वस्त. मेडिकलच्या दुकानात खालच्या फळीवर, गुलाबपाण्याच्या शेजारी मिळतं. आपल्या आया-आज्या दोन्ही मिसळून लावायच्या, ते उगाच नव्हे. नुसतं लावलं तर चिकट होतं. पाणी किंवा गुलाबपाणी घालून पातळ करायचं, एवढंच पथ्य.

आणि बाटलीच्या मागची यादी वाचायची. आपल्या देशाच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने छापावे लागतात. एक टक्क्याखालचे कसेही छापले तरी चालतात. समोर ठळक अक्षरांत मिरवणारं नाव मागच्या यादीत कुठे आहे, ते बघा. सुगंधाच्या शेजारी, शेपटाकडे सापडलं तर पैसे कशाचे दिले ते कळेल.

आपली हवा कोरडी की दमट, हे ठरवायला हवामान खात्याचा आकडाही पुरेसा नाही बरं का. कुलाब्याची आर्द्रता ऐंशी टक्के सांगितली, पण तुम्ही दिवसभर बसता वांद्रे-कुर्ला संकुलातल्या काचबंद मजल्यावर. एसीच्या नळीतून बाहेर जे टपटपतं ते तुमच्याच खोलीतल्या हवेतलं पाणी असतं. याउलट वाळ्याचे पडदे लावलेला नागपूरचा कूलर खोलीत ओलावा सोडतो. म्हणजे भर मे महिन्यात कूलरसमोर बसलेल्या नागपूरकराची हवा एसीतल्या मुंबईकरापेक्षा दमट असू शकते. न्यू जर्सीतल्या आपल्या लेकीसुनांचंही तेच : बाहेर बर्फ, आत हीटर, हवेत ओलावा नावालाच. त्यांना इथून काय पाठवायचं, हा प्रश्न घरात निघाला तर उत्तर सीरम नव्हे. घट्ट क्रीम.

चेहऱ्याला एकावर एक दहा थर लावायचं, कोरियातल्या दहा पायऱ्यांचं खूळ तर विचारूच नका. सोलमध्ये जानेवारीत पारा शून्याखाली जातो, हवा कोरडी पडते. तिथे थरावर थर लावणं समजू शकतं. डोंबिवलीत जूनमध्ये लोकलच्या गर्दीत उभ्या असलेल्या मुलीने तेच दहा थर कशासाठी लावायचे? घाम येतो, पुरळ उठतं. ते बरं करायला कुणीतरी मेडिकलमधून 'मिक्स' क्रीम आणून देतं, त्यात स्टेरॉइड असतं. सरकारने २०१८ मध्ये अशी चौदा स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय देता येणार नाहीत, असं ठरवलं. तरी ती सर्रास लावली जातात. कातडी पातळ होते, लाल होते, आग होते. आणि मग 'नाजूक त्वचेसाठी' आणखी एक बाटली येते.

पावसाळ्यात कोकणात बहुतेकांना ओलावा बाहेरून द्यावाच लागत नाही. हे एक वाक्य कुठल्याही बाटलीवर सापडणार नाही.

कोकणाचा विषय निघालाच आहे तर कोकमाच्या बियांचं तेल विसरून चालणार नाही. सिंधुदुर्गात मुठेल, गोव्यात भिरंडेल. घट्ट वडी, हातावर चोळली की हळूहळू विरघळते. थंडीत टाचांच्या भेगांवर पिढ्यान् पिढ्या हेच लावलं. आज 'कोकम बटर' या नावाने ते परदेशी क्रीममध्ये जातं. बिया वाळवणाऱ्या, फोडणाऱ्या बाईच्या मजुरीपर्यंत त्यातलं किती पोचतं?

भेगांचं मला सर्वांत जास्त बोलायचं आहे. कोरड्या कातडीचा खरा त्रास चेहऱ्यावर नसतोच, हातापायांवर असतो. ऐन थंडीत बीडहून पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला आलेल्या बाईचे हात उसाच्या पाचटाने चिरलेले असतात, टाचा फुटून रक्त आलेलं असतं. मधुमेह असलेल्याच्या टाचेची भेग तर जखमच समजायची. बधिर पायाला ती कळत नाही, त्यातून जंतू शिरतात आणि प्रकरण पाय कापण्यापर्यंत जाऊ शकतं. युरियाचं क्रीम आणि पायमोजे एवढ्यावर पुष्कळ भेगा भरून येतात. म्हातारपणी तेलग्रंथी मंदावतात आणि हिवाळ्यात रात्रभर खाज सुटते. तीही साध्या मलमाने कमी होते. या माणसांना ओलावा चैनीसाठी नको आहे, रोजच्या जगण्यासाठी हवा आहे. जाहिरातींत ती क्वचितच दिसतात, कारण त्यांना लागणारी वस्तू स्वस्त आहे.

कंपन्यांकडे एकच मागणी. बाटलीवर किंमत छापता, मुदत छापता. आता हेही छापा : 'हवा कोरडी असेल तर वरून क्रीम लावा, दमट असेल तर याची गरज नाही.' मराठीतून छापा.

जागा पुरत नसेल तर 'खोलवर' काढून टाका.