ढिलाईचा बंदोबस्त

चौतीस वर्षे तहसील कचेरीत अव्वल कारकुनाच्या खुर्चीपर्यंत चढत गेलेल्या, आणि त्या अवधीत हजारो हुकूम वरून खाली व तितकेच खुलासे खालून वर पोहोचविलेल्या माणसाला एका यःकश्चित तारेने, तेही ऐन मोती चौकात, त्याच्याच पेशाचे मर्म शिकवावे, हा योग माझ्या पत्रिकेत कोठे लिहिलेला होता हे मला ठाऊक नाही. परंतु साताऱ्याच्या राजवाड्याकडून भाजीची पिशवी हँडलला अडकवून सदर बझारातील घराकडे परतत असता माझ्या १९८६ सालच्या बुलेटची मूठ उजव्या हातात एकाएकी अशी सैल झाली, की मी ती पिळावी आणि इंजिनाने ते आपल्याला उद्देशून नाहीच असे समजावे.

इंजिन बंद मात्र पडले नाही. तार तुटली की कार्बोरेटरातील स्प्रिंग स्लाइडला खाली दाबून धरते आणि गाडी मंद ठोक्यांवर चालू राहते. वरिष्ठांशी संपर्क तुटलेल्या दुय्यम कचेरीने जुन्याच हुकुमांवर दिवस काढावेत तशातला तो प्रकार. त्या ठोक्यांवर, पहिल्या गिअरात, उताराच्या आणि देवाच्या भरवशावर मी पालखीच्या गतीने राजपथ उतरलो. पोवई नाक्यापर्यंत तीन सायकली आणि एक हातगाडी मला ओलांडून गेली, पैकी हातगाडीवाल्याने थांबून, "भाऊसाहेब, ढकलू का?" अशी जी पृच्छा केली, तिच्यात उपहास नव्हता, आणि म्हणूनच ती मला अधिक लागली.

घरी येताच मुठीचे स्क्रू सोडवून पंचनामा केला. तार जेथे रोज वळण घेते तेथे, टोकाच्या धातूच्या मण्याजवळ, ज्याला मिस्त्री निप्पल म्हणतात, एकेक धागा तुटत आलेला होता. शेवटचे दोन धागे ताजे, चकाकते होते. बाकीचे तांबूस गंजलेले. म्हणजे हे बंड आजचे नव्हते. गेला महिनाभर मूठ सोडली की ती रेंगाळत परत येत असे, ही इत्तला मला वेळेवर मिळालेली होती, आणि मी ती "पाहिले" असा मनातल्या मनात शेरा मारून दप्तरी दाखल केली होती.

मिस्त्री गावच्या यात्रेस गेलेले. तेव्हा हे प्रकरण मी स्वतःच्या अखत्यारीत घेतले.

केबल ही वस्तू दिसते त्याहून धूर्त आहे. तार ओढू शकते, ढकलू शकत नाही; आणि त्या ओढण्यातही पराक्रम एकट्या तारेचा नव्हे, कारण बाहेरचे पोलादी वेटोळे दोन्ही टोकांना अडून बसून दाब सोसते, म्हणूनच आतील तार वाकड्या वाटेने जाऊनही मुठीचा हुकूम कार्बोरेटरपर्यंत जसाच्या तसा नेते. हुकूम मागे घेण्याची जबाबदारी तिची नाहीच. ती खाली बसलेल्या स्प्रिंगची. ही व्यवस्था ज्याने बसविली त्याने महसूल खात्यात उमेदवारी केलेली असावी, असा माझा संशय होता. प्रत्यक्षात तिचे पेटंट १८९६ साली अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडन या गृहस्थाने घेतले. परंतु रॅले सायकलींचे संस्थापक फ्रँक बाउडन यांचे आडनावही तेच पडल्याने पुष्कळ लोक ते श्रेय आजही फ्रँक यांच्या खाती चढवितात. निव्वळ नामसाधर्म्यावर पडलेल्या असल्या नोंदी मी सात-बारावर इतक्या पाहिल्या आहेत, की मूळ बाउडनच्या वारसांनी फेरफाराचा अर्ज दिला असता तर मी तो त्याच दिवशी मंजुरीस ठेवला असता.

नवी केबल आणावयास गेलो, तर दुकानदाराने माझ्या हातातील तुटक्या केबलीकडे ढुंकूनही न पाहता, "हँडल उंच का बसकं?" एवढेच विचारले. हँडल उंच असेल तर केबल लांब लागते, हे मला तोवर ठाऊक नव्हते; मी "मध्यम" असे उत्तर दिले, आणि मग तो निमूटपणे काउंटरबाहेर येऊन गाडी कोठे उभी आहे म्हणून रस्त्यावर पाहू लागला. गाडी अर्थातच घरी होती. दुसऱ्या खेपेस मी हँडलची उंची सुतळीने मोजून नेली.

नवी केबल बसविण्यापूर्वी ती उभी टांगून वरच्या तोंडाला कागदाचा द्रोण बांधावा आणि त्यातून थेंब थेंब तेल आत मुरवावे, अशी जाणत्यांची वहिवाट आहे. मी ती गॅलरीतल्या कपड्यांच्या दोरीला टांगली. तेल रात्रभर मुरले. केबलीत किती मुरले सांगता येत नाही, पण खाली वाळत घातलेल्या पातळाच्या निऱ्यांत ते उत्तम मुरल्याचे सकाळी निदर्शनास आले. "अहो, गाडी दुरुस्त करताय की माझ्या पातळाला ऑइलिंग?" या प्रश्नावर मी खुलासा सादर केला, तो असमाधानकारक ठरला.

कार्बोरेटरच्या माथ्याचे झाकण आटे फिरवून काढले की स्प्रिंग, स्लाइड आणि स्लाइडच्या पोटातील सुई असा सारा परिवार तारेसकट वर येतो. सुईला हात लावण्याचे वस्तुतः काहीच कारण नव्हते. परंतु तपासणी म्हटली की शेजारच्या कपाटाचेही कुलूप उघडायचे, ही सवय चौतीस वर्षांची. सुईच्या पाच खाचांपैकी मधल्या खाचेत बसलेली, बाळाच्या नखाएवढी एक क्लिप मी नखाने किंचित उचलून पाहिली आणि ती टिचकन उडाली. पुढील पाऊण तास मी फरशीवर गुडघ्यांवर रांगत होतो. अखेर, पलीकडे सुपात तांदूळ निवडीत बसलेल्या सौभाग्यवतींनी मान वर न करता, "हा खडा तुमचा का?" असे म्हणून ती माझ्या तळहातावर ठेवली. खड्याच्या आणि क्लिपेच्या वजनातील फरक ज्या बोटांना कळतो, त्यांच्यापुढे माझा पाना आणि पकड दोन्ही फिके पडले, हे मी येथे लेखी देतो.

पुढे एका हाताने स्प्रिंग दाबून धरायची, दुसऱ्याने निप्पल स्लाइडच्या खाचेत सरकवायचे आणि तिसऱ्याने घाम पुसायचा, एवढेच काम उरले. ते उरकून मी झाकण आवळले, डिकॉम्प्रेसर दाबून ॲमीटरचा काटा मध्यावर आणला आणि किक मारली.

जो आवाज झाला त्याचे वर्णन करणे अवघड आहे. मूठ मी पिळलेलीही नव्हती. तरी इंजिन असे गर्जू लागले, की कंपाउंडातील कावळे उडाले, वरच्या मजल्यावरील निवृत्त पोस्टमास्तर दाढीच्या साबणासकट गॅलरीत आले, आणि मी, गाडी बंद करण्यासाठी चावी नावाची वस्तू असते हे विसरून, मूठ उलटी पिळीत राहिलो. चावी सौभाग्यवतींनी फिरविली.

यात्रेहून सकाळीच परतलेले मिस्त्री तेवढ्यात फाटकातून आत आले. त्यांनी काही विचारले नाही. झाकण उघडले, स्लाइड बाहेर काढून तिच्या बुडाशी एका अंगाला असलेला तिरपा काप मला दाखविला, आणि अर्धा फेरा फिरवून ती पुन्हा आत सोडली. "भाऊसाहेब, ह्यो उतार मागं ठिवायचा. हवा फिल्टरकडनं, मागनं येती न्हवं?" मी स्लाइड उलटी बसविली होती, त्यामुळे ती खाली टेकतच नव्हती, आणि दार उघडे राहिलेल्या कचेरीत जसा वाटेल तो शिरतो तशी हवा आत शिरत होती.

मग मी मूठ आणि केबल यांच्यामधली सगळी ढिलाई ॲडजस्टरने काढू लागलो, तर मिस्त्रींनी माझा हातच धरला. दोन-तीन मिलिमीटरचा मोकळा खेळ राखायचा म्हणाले. तो ठेवला नाही, तर हँडल वळविताच केबल ताणली जाते आणि कोणी काही न सांगता इंजिन आपोआप धावू लागते. ज्या दोन-तीन मिलिमीटरांसाठी मी सेवाकाळात तीन वेळा कारणे दाखवा नोटिसा पत्करल्या, ते येथे ॲडजस्टर लावून मोजून राखले जात होते! मी चेकनट आवळला, हँडल डावीकडून उजवीकडे शेवटपर्यंत फिरविले, आणि सौभाग्यवतींनी कान देऊन, "नाही वाढत," असा निर्वाळा दिला.

जुनी केबल मी तारखेची चिठ्ठी लावून कपाटात ठेवणार होतो. परंतु दुसऱ्याच दिवशी तिच्या आतील तार मोरीकडे वर्ग झाल्याचे आढळले. तुंबारा निघाला, आणि पावसाळा संपेपर्यंत तिची नेमणूक तेथेच कायम आहे.