होय म्हाराजा, रस्तो पुरो कर

गणपती आटोपून चाकरमानी मुंबईला निघाले की आमच्या गावी थोरले काका गाडीसमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. पूर्वी त्यात नोकरी, लग्न, पोरांची परीक्षा असायची. हल्ली निम्मं गाऱ्हाणं बांधकाम खात्याच्या अखत्यारीतलं असतं. ‘बा देवा म्हाराजा, हो जो काय खड्डो दरवर्षी बुजवतत आणि दरवर्षी त्याच जाग्यार उगवता, तेच्यातसून लेकरांका सुखरूप पार कर रे म्हाराजा!’ मागून आम्ही ‘होय म्हाराजा’ म्हणतो. तक्रारीची इतकी तातडीची पोच दुसरीकडे कुठे मिळते?

शहाणे लोक हसतात. पण रस्त्याचा पहिला नारळ फोडतं कोण? मंत्रीच ना! कुदळीला हळदकुंकू लागल्याशिवाय जेसीबीचं तोंड जमिनीला लागत नाही. शनिवारी लिंबू-मिरची बांधणारा ट्रकवाला फक्त तीच वहिवाट पुढे चालवतो.

बोरघाटातला शिंगरोबा तर या खात्यातला सर्वांत ज्येष्ठ. इंग्रज साहेबाला घाटाची वाट सापडेना, ती या धनगरानं दाखवली. बक्षीस काय हवं विचारल्यावर देशाचं स्वातंत्र्य मागितलं आणि गोळी खाल्ली, अशी कथा आहे. आखणी करून दिली आणि बिल थकलं, असा हा आद्य सल्लागार. जुन्या रस्त्यानं जाणारे ड्रायव्हर अजून त्याच्यापुढे नाणं टाकतात. फास्टॅग नाही, पावती नाही, रांगही नाही.

आमच्याकडे रुंदीकरणात वडाखालचा राखणदार आला. हलवायचा तर त्याला विचारायला हवं. कौल लावला, देवानं उजवा दिला, चार दिवसांत पाषाण पलीकडच्या बांधावर गेला. शेजारच्या सामायिक सातबाऱ्यावर छत्तीस नावं आहेत. त्यांचा कौल अजून व्हायचा आहे.

समृद्धी महामार्गावर मात्र हसू येत नाही. नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर 2022 मध्ये खुला झाला. 1 जुलै 2023 च्या रात्री सिंदखेडराजाजवळ बस पेटली, 25 जण गेले. पुढे अपघात थांबावेत म्हणून तिथं कुणी महामृत्युंजय यंत्र बसवलं आणि जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. योग्यच झालं, यंत्रानं गाडी थांबत नाही. पण शेकडो किलोमीटरच्या त्या रस्त्यावर तेव्हा ड्रायव्हरला पाय मोकळे करायला धड जागा नव्हती. त्याला कुठलं कलम लावायचं, ते 2013 च्या त्या कायद्यात नाही.

यंदाही काकांनी गाऱ्हाणं घातलं. मुंबईला पोचायला चौदा तास लागले. पोचलो, म्हणजे देवानं त्याचं काम केलं. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण 2011 मध्ये सुरू झालं होतं. उद्घाटनाचा नारळ अजून पिशवीतच आहे.