चौतीस किक

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दर रविवारी सकाळी एक शर्यत होते. तिच्यात गाडी एकच असते आणि ती जागची हलत नाही. गाडी म्हणजे यामाहा आरएक्स १००, आणि स्वार म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे भाऊकाका, वय अडुसष्ट.

काका गाडीवरची जुनी चादर काढतात, तिची चौघडी घालून कोनाड्यात ठेवतात, चोक ओढतात आणि किक मारायला लागतात. किक आकड्यांनी मोजत नाहीत, माणसांनी मोजतात: ज्या रेसरचा गाडीवर जो नंबर, ती त्याची किक. सातवी झाली की "बॅरी शीन!" म्हणून एक श्वास. मग थेट चौतिसावी. "केव्हिन श्वान्ट्झ!" की काका सीटवर हात टेकून उभे. चेहरा जास्वंदीसारखा लाल. "प्लग ओला झालाय," ते समाधानाने सांगतात. टू-स्ट्रोकचा प्लग ओला होणं हा त्यांच्या लेखी गाडीच्या अस्सलपणाचा दाखला आहे. टाकी २०१९ पासून कोरडी ठणठणीत आहे हे मला माहीत आहे, काकूंना माहीत आहे, आणि बहुधा काकांनाही माहीत असावं. पण पेट्रोल घातलं तर कदाचित चालू होईल, आणि चालू झाली तर चालवावी लागेल.

काकांच्या मते मोटरसायकल रेसिंग २००१ साली वारली. वाद नाही. त्या वर्षी पाचशे सीसीची शेवटची वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली, पुढच्या वर्षी ९९० सीसीची फोर-स्ट्रोक गाडी आली आणि त्यांच्या शब्दांत, "माणसाच्या जागी मुनीम बसला." मुनीम म्हणजे कम्प्युटर. चाक घसरायला लागलं की तो पॉवर कापतो. "आमच्या वेळी पॉवर सांगून यायची नाही रे! वळणातून बाहेर पडताना जरा मूठ जास्त पिळली की गाडी अशी झटका द्यायची, की स्वार वर आणि गाडी खाली. मिक डूहानचा पाय कापायची वेळ आली होती. पठ्ठ्याने मागचा ब्रेक अंगठ्याला घेतला आणि ओळीने पाच वेळा चॅम्पियन! ९४ ते ९८!"

ही हकिगत काका हाताच्या अंगठ्यासकट सांगतात. स्वतःच्या स्कूटरचा मागचा ब्रेक डाव्या हाताला असतो, ही डूहानचीच देणगी आहे असं त्यांनी मला एकदा शांतपणे सांगितलं. मी मान डोलावली. स्कूटर डूहानच्या आधीपासून तशी आहे, पण काकांच्या समोर खरं बोलायला मूड लागतो.

"आमच्या वेळी" हा खरा घोटाळ्याचा शब्द. काकांची सगळ्यात लाडकी शर्यत १९७९ ची, सिल्व्हरस्टोनची. केनी रॉबर्ट्स पुढे, शीन पुढे, परत रॉबर्ट्स पुढे. आणि शेवटी रॉबर्ट्स जिंकला तो सेकंदाच्या तीन शतांशांनी. जाता जाता शीनने पाठीमागे हात नेऊन रॉबर्ट्सला दोन बोटं दाखवली. काका हे असं सांगतात की ते कठड्यावर कोपर टेकून उभे होते. वास्तविक काकांचा पासपोर्ट तेव्हा नव्हता, आजही नाही. तो सगळा सोहळा त्यांनी रद्दीच्या दुकानातून किलोवर आणलेल्या विलायती मासिकात वाचला, तोही शर्यतीनंतर दोन-तीन वर्षांनी, मधली चार पानं नसलेल्या अंकात. त्या चार पानांत काय झालं असेल ते काकांनी स्वतः भरलं आहे आणि तोच भाग सगळ्यात रंगतो. दोन बोटांचा अर्थ मात्र त्यांनी लावला तो असा: "टू-स्ट्रोक! शीन सांगत होता, टू-स्ट्रोक!" इंग्लंडात त्या बोटांचा अर्थ काय होतो हे सांगायला मी तोंड उघडलं होतं, पण काकू चहा घेऊन आल्या.

तरी काकांनाही वरचढ एक भेटले. पुण्याच्या कॅम्पात राहणारे एक वयोवृद्ध गृहस्थ, नव्वदीला टेकलेले. नाना पेठेत एका स्पेअर पार्टच्या दुकानात दोघांची गाठ पडली. काका आरएक्सची क्लच प्लेट बघत होते आणि सवयीने पाचशे सीसीचं गुणगान चाललं होतं. म्हातारबुवांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "टू-स्ट्रोक? ते शिवणयंत्र! रेसिंग संपली १९७५ ला." त्या वर्षी टू-स्ट्रोक गाडीने पहिल्यांदा पाचशेची चॅम्पियनशिप घेतली, आणि कहर म्हणजे ती चालवत होता जियाकोमो आगोस्तिनी. पंधरा वर्ल्ड टायटलं, त्यातली तेरा एमव्ही अगुस्ताच्या फोर-स्ट्रोकवर, आणि हा दगाबाज जाऊन यामाहावर बसला! म्हातारबुवांनी पन्नास वर्षांपूर्वीचा हा घाव कालचा असल्यासारखा दाखवला. काका त्या दिवशी क्लच प्लेट न घेताच परत आले.

तिसरा मृत्युदिन आमच्याच बिल्डिंगमध्ये पाळला जातो. तिसऱ्या मजल्यावरचा पिवळ्या. खरं नाव कंपनीच्या आयकार्डावर असेल. वॅलेन्तिनो रॉसीच्या शेहेचाळीस आकड्याचा पिवळा टी-शर्ट अंगातून निघत नाही म्हणून पिवळ्या. त्याच्या मते रेसिंग २०२१ च्या नोव्हेंबरात व्हॅलेन्सियाला संपली, रॉसीने हेल्मेट काढलं तेव्हा. त्याची गीता म्हणजे २००८ ची लगुना सेका: रॉसी, केसी स्टोनर आणि ती उतारावरची कॉर्कस्क्रू नावाची वळणं. काका त्याला म्हणतात, "तुमच्या रॉसीची सात टायटलं खरी नाहीत." एकूण नऊ. त्यातली पाचशेपर्यंतची तीन काका मान्य करतात, नंतरची नाहीत. तीन आणि सात मिळून दहा होतात, हे पिवळ्याने दाखवलं तर काका म्हणाले, "हा हिशेब फोर-स्ट्रोकवाल्यांचा."

थोडक्यात, रेसिंग इतक्यांदा वारली, पण तेरावं कुणी घालत नाही. रविवार आला की सगळे काकांच्या टीव्हीसमोर. शर्यत सुरू व्हायच्या आधी काका शोकेसमधून टू-टी ऑइलची अर्धी बाटली काढतात, झाकण उघडून एकदा हुंगतात आणि परत ठेवतात. काकूंनी त्या वासावरून एकदा घर सोडायची धमकी दिली होती. मग टीका सुरू. गाड्यांना पंख लावले: "मिशा फुटल्यात." सुटताना गाडी मागून खाली बसवतात: "उंट बसतो तसा." शनिवारची छोटी शर्यत, २०२३ पासूनची: "नाश्ता." पुढच्या टायरात हवा कमी भरली तर सोळा सेकंदांचा दंड! २०२५ ला कतारला व्हिन्यालेस दुसरा आला आणि या दंडापायी चौदावा झाला, तेव्हा काका सोफ्यावरून उठले. "आपल्या कोपऱ्यावरचा पंक्चरवाला पाठवा रे कुणीतरी! दहा रुपयांत भांडण मिटेल!"

बाकी पोटात देशाभिमान आहे. २०१६ ला अॅसेनला फ्रान्चेस्को बन्याया महिंद्राच्या गाडीवर मोटो-थ्रीची शर्यत जिंकला, तेव्हा काकांनी जिन्यात पेढे वाटले. गाडी फोर-स्ट्रोक होती. "देशासाठी एक पाप," म्हणाले आणि स्वतः दोन खाल्ले. ब्रॅड बिन्डरने केटीएमवर मुजेलोला ताशी ३६६ किलोमीटरचा वेग गाठला तेव्हाही, केटीएममध्ये बजाजचा पैसा आहे या नात्याने, काका दिवसभर बजाजच्या आकुर्डीकडे तोंड करून बसले होते. ३६६! हेच काका स्कूटरवर ताशी तीसच्या वर गेले तर मागून काकू म्हणतात, "अहो, कुणी मागे लागलंय का?"

हेल्मेट आहे. उत्तम, महागाचं. पण ते काका डाव्या कोपरात अडकवतात. एकदा चौकात मामांनी अडवलं. काकांनी त्यांना समजावलं की हल्लीचे रेसर वळणात इतके आडवे होतात की कोपर रस्त्याला घासतं, मार्केसचं तर पहिलं कोपरच टेकतं, त्यामुळे संरक्षणाची खरी गरज कोपराला आहे. मामांनी पूर्ण ऐकून घेतलं. पावती फाडली ती मात्र डोक्याची.

मार्क मार्केसचं नाव निघालं, हा अपवाद. एरवी २०१५ च्या सेपांगपासून, रॉसीशी त्याची चकमक झाली त्या दिवसापासून, ते नाव या घरात निघत नाही. या एका मुद्द्यावर काका आणि पिवळ्या एका ताटात जेवतात. आणि म्हणून तळमजल्यावरची आठवीतली मुलगी, जिच्या दप्तरावर मार्केसच्या ९३ चा लाल स्टिकर आहे, शर्यत बघायला आली की तिला सोफा मिळत नाही. ती दाराशी चप्पल-स्टँडवर बसते.

२८ सप्टेंबर २०२५, रविवार, जपानचं मोतेगी. २०२० ला दंडाचं हाड मोडलं, चार ऑपरेशनं झाली, आता हा संपला असं सगळ्यांनी, म्हणजे काकांनी, जाहीर केलं. तोच मार्केस दुसरा आला आणि सहा वर्षांनी परत चॅम्पियन झाला. हेल्मेट घातलेलं असतानाच रडत होता. खोलीत कुणी बोलेना. चप्पल-स्टँडवरून नाक ओढल्याचा आवाज आला. काकांनी चष्मा काढून पुसला. "धूर गेला डोळ्यात," म्हणाले. "टू-स्ट्रोकचा." आणि खाली गेले.

आम्ही मागोमाग. चादर, चौघडी, चोक. त्या दिवशी काका शीनला थांबले नाहीत. श्वान्ट्झला पोचले तेव्हा पाय थरथरत होता, तर पिवळ्याने पस्तिसावी मारली. शेहेचाळीस झाल्यावर त्यानेही टी-शर्टला घाम पुसला आणि बाजूला झाला.

"अजून त्र्याण्णव कुठे झाल्या?" मुलगी म्हणाली.

"तुला काय कळतं रेसिंगमधलं?" दोघं एका सुरात म्हणाले.

वरून काकूंनी कोथिंबिरीची आठवण केली. काकांनी हेल्मेट कोपरात अडकवलं, स्कूटर काढली आणि वळणावर गुडघा इंचभर बाहेर काढून दिसेनासे झाले. पिवळ्या झोपायला गेला. मी जिना चढत होतो, तर खालून किकचा कोरडा खरखराट ऐकू येत होता, आणि मध्ये मध्ये तिचा आवाज.

"एकावन्न... बावन्न..."