अर्धा आटा

आमच्याकडे एक फियाट आहे. कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी, १९८९ चं मॉडेल. कुर्ल्याच्या कारखान्यानं १९७४ साली तिला पद्मिनी हे नाव दिलं, पण शिरूरच्या बाजारपेठेनं ते काही मनावर घेतलं नाही. वडिलांनी घेतलेली ही गाडी माझ्याकडे आली, आणि तिच्याबरोबर स्लोवाले काकाही आले.

स्लोवाले काका तुमच्याही ओळखीचे असणार. तालुक्याच्या गावाला असा एक तरी माणूस असतोच. गाडी जागेवर उभी असताना, अ‍ॅक्सिलेटरवर पाय नसताना इंजिन ज्या गतीनं फिरतं त्याला म्हणायचं स्लो. आणि जगातल्या एकाही गाडीचा स्लो बरोबर लावलेला नाही, यावर या माणसाची श्रद्धा असते. लग्नाला आला तरी त्याच्या मुठीत अक्षता आणि कान नवरदेवाच्या गाडीकडे. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी छोटा डिसमिस. पेन कुणी मागितलं तर देईल, डिसमिस देणार नाही.

माझ्या नशिबी असे दोन काका आहेत. एक शिरूरचे, आमच्या गल्लीतले, एसटीतून निवृत्त झालेले. दुसरे दौंडचे, माझ्या सासऱ्यांचे शेजारी, रेल्वेतून निवृत्त झालेले. आता एसटीही डिझेलवर आणि त्यांनी सांभाळलेली रेल्वेची इंजिनंही डिझेलवर. म्हणजे दोघांनी मिळून सत्तरेक वर्षं ज्या इंजिनांची सेवा केली, त्यातल्या एकालाही स्लो जिथं लावायचा तो कार्बुरेटर नव्हता. हे मी एकदा बोलून दाखवलं. शिरूरचे काका म्हणाले, "सर, म्हणून तर त्याची हौस राहून गेली ना!"

दोघांची घराणी वेगळी आहेत. शिरूर घराण्यात स्लो चढा. नगर रोडवर ट्रकच्या पुढं गाडी बंद पडली तर काय, ही त्यामागची भीती. दौंड घराण्यात स्लो खाली. तिथल्या काकांच्या मते इंजिन असं चाललं पाहिजे, की बोनेटवर चहाची बशी ठेवली तरी वरची साय हलू नये.

स्लो लावण्याचा विधी मात्र दोन्हीकडे सारखाच. आधी गाडी गावातून एक चक्कर मारून गरम करून आणायची. चोक पूर्ण आत. मग बोनेट उघडायचं आणि दोन मिनिटं काही न बोलता नुसतं ऐकायचं. एवढ्यात शेजारचे दोघंतिघं जमतातच. काका डिसमिसची मूठ कानाला लावतात, टोक इंजिनावर टेकवतात, डोळे मिटतात. गवयी तंबोरा लावताना इतका गंभीर होत नसेल. मग गाडी बंद. मिक्चरचा, म्हणजे हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा, स्प्रिंगवाला स्क्रू हलक्या हातानं शेवटपर्यंत आवळायचा. हलक्याच हातानं, कारण जोर केला की सुईचं टोक गेलं, आणि टोक गेलं की नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांची पायरी चढणं आलं. मग दीड आटा सोडायचा आणि गाडी चालू करायची. पुढं पाव-पाव आटा सोडत जायचं. आवाज चढत जातो, गोल होतो, आणि एका क्षणी "भरडायला" लागतो. म्हणजे पेट्रोल जास्त झालं. तिथून थोडं मागं यायचं. मग दुसरा स्क्रू घेऊन गती उतरवायची, मग परत मिक्चर, परत स्लो. पद्मिनीत इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा नाही. सगळा कारभार कानाचा, आणि कान प्रत्येकाचा वेगळा.

काम झालं की काका हात पुसत विचारतात, "आता कशी वाटतीय?" मला आधीसारखीच वाटते. पण मी म्हणतो, "वा!"

खरी पंचाईत शिरूर ते दौंड या प्रवासाची. न्हावऱ्यावरून निघायचं, पारगावला भीमा ओलांडायची, चौफुल्याला सोलापूर रोडला लागायचं. शिरूरचा स्लो लावून निघालो की गाडी क्लचवरचा पाय काढताच आपणहून पुढं सरकते. सासुरवाडीच्या दारात किल्ली काढून खाली उतरलो तरी इंजिन आपलं खडखड, खडखड चालूच. सासरे ओसरीवर उभे. "जावईबापू, किल्ली हातात आणि गाडी चालू, ही कुठली विद्या?" मी उत्तर शोधेपर्यंत शेजारून काका निघालेले असतात, हातात डिसमिस. "शिरूरकरांनी हात लावलाय वाटतं," एवढंच बोलतात आणि अर्धा आटा उतरवतात.

मग परतीला दौंडचा स्लो. गिअर काढून जरा गती कमी केली की चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणायला लागतो आणि गाडी मान टाकते. गेल्या वर्षी चौफुल्याला तिनं मान टाकली ती नेमकी एका कला केंद्राच्या दारात. संध्याकाळची वेळ. आत ढोलकी लागलेली. मी शाळामास्तर, बोनेट उघडून वाकलेलो, आणि मागून आवाज आला, "सर, तुम्ही इथं?" आठवी ब मधल्या एका मुलाचे वडील होते. ते तिथं काय करत होते, हे विचारायचं मला सुचलं नाही. नंतर पालकसभेत आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं.

शिरूरला पोचलो की काका दारात. आवाजावरूनच ओळखतात. "दौंडवाल्यांनी गळा दाबला की हो पोरीचा!" आणि अर्धा आटा वर.

गंमत अशी, की अर्ध्या तासावर रांजणगावला खुद्द फियाटचा कारखाना आहे. तिथून निघणाऱ्या गाड्यांचा स्लो संगणक ठरवतो. गल्लीत अशी नवी गाडी आली तेव्हा काकांनी मोठ्या उमेदीनं बोनेट उघडायला लावलं. आत काळं प्लास्टिकचं झाकण. देवळात जावं आणि गाभाऱ्याला कुलूप असावं, तसा चेहरा झाला त्यांचा. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींतूनही कार्बुरेटर गेला, तेव्हा तर ते दोन दिवस बाहेर पडले नाहीत. अर्थात तेव्हा लॉकडाऊनही होता, हे सांगायला हवं.

मग पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं आणि दोन्ही घराण्यांना एक समान शत्रू मिळाला. इथेनॉलनं मिक्चर पातळ पडतं. नव्या गाडीतला संगणक पेट्रोल वाढवून घेतो. कार्बुरेटरला ते कळत नाही. जुन्या रबरी नळ्याही त्यानं खराब होतात. इथेनॉल निघतं उसापासूनही, आणि आमच्या दोन्ही तालुक्यांत ऊसच ऊस. शिरूरच्या काकांचं स्वतःचं दीड एकर. "म्हणजे मीच पिकवायचा आणि मलाच भोवायचा," म्हणाले, आणि मिक्चर पाव आटा सोडलं.

दिवाळीनंतर आमच्याकडे सत्यनारायण होता. सासऱ्यांबरोबर दौंडचे काका आले. दोघं पहिल्यांदाच समोरासमोर. प्रसाद घेतला, नमस्कार झाले, आणि पाच मिनिटांत दोघं बोनेटखाली. मला वाटलं, आता जुंपणार. पण दौंडच्या काकांनी तांब्यातलं चार थेंब पाणी कार्बुरेटरच्या बुडाशी सोडलं आणि इंजिनानं एकदम आवाज बदलला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. कार्बुरेटरच्या बुडाचे दोन्ही नट ढिले होते. तिथून हवा ओढली जात होती, आणि किती वर्षं, ते सत्यनारायणालाच ठाऊक. त्या हवेमुळं स्लो कधी टिकतच नव्हता, कुणीही लावला तरी.

नट आवळले. इंजिन शांत झालं. बायकोनं बशीतून चहा आणला, तो दौंडच्या काकांनी खरंच बोनेटवर ठेवला. साय हलली, पण थोडीच.

मला वाटलं, सुटलो. तर शिरूरचे काका म्हणाले, "सर, गळती बंद झाली म्हणजे मिक्चर बदललं. आता पहिल्यापासून लावावं लागंल." दौंडच्या काकांनी मान हलवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं.

येत्या रविवारी सकाळी नऊला बसायचं ठरलंय. दौंडचे काका आदल्या रात्रीच मुक्कामाला येणार आहेत.