खाज आणि करांदे

करांदे मी स्वतः शोधले, हे वाक्य त्या दिवशी मी तीनदा उच्चारलं. एकदा बायकोसमोर, एकदा मित्रासमोर आणि एकदा, कुणी काही विचारलेलं नसताना, मेहुण्यासमोर. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचं असंच होतं, त्याला प्रमाण कळत नाही. एकदा बोलून गप्प बसलो असतो तर पचून गेलं असतं.

मुळात मला रानभाज्यांची खाज आहे. ती लागली एका ऑगस्टमध्ये. आदिवासी दिनाच्या सुमारास कृषी खातं रानभाजी महोत्सव भरवतं, तिथे मी पावसापासून आडोसा म्हणून शिरलो आणि तज्ज्ञ होऊन बाहेर पडलो. तेव्हापासून धावत्या गाडीतून टाकळा दाखवणं, सोसायटीच्या भिंतीलगतची घोळ उपटू नकोस म्हणून माळ्याला अडवणं, असले उद्योग सुरू आहेत. कुर्डूला मी चारचौघांत ‘सेलोशिया अर्जेंटिया’ म्हणतो. कुर्डूला त्यानं काही फरक पडत नाही, चारचौघांना पडतो, ते दुसरीकडे जाऊन बसतात. बायकोचं म्हणणं एवढंच, की ज्या माणसाला बाजारातून मेथी आण म्हटलं तर शेपू आणतो, त्यानं रानात जाऊ नये.

दिवाळीनंतरच्या रविवारी आम्ही सगळे कर्जतजवळच्या मित्राच्या फार्महाऊसवर जमलो. डब्यांच्या तळाशी शंकरपाळे उरले होते आणि फराळाचा सगळ्यांना वीट आला होता. कुणीतरी म्हणालं, बाहेर चूल मांडून पोपटी लावू या. मी ज्ञानी हसलो. ‘पोपटी? कार्तिकात? वालाच्या शेंगा भरायच्यात अजून. मडक्यात काय नुसता भांबुर्डा कोंबणार?’ मग जरा थांबून, सगळे बघताहेत याची खात्री करून म्हणालो, ‘हे दिवस करांद्यांचे.’

करांदे म्हणजे काय हे पोरांना सांगताना मी फारच रंगलो. पाऊस सरला की या वेलाची पानं पिवळी पडू लागतात आणि पानांच्या बेचक्यांत बटाट्यासारखे कंद लोंबतात. जमिनीत नाही, हवेत! म्हणून इंग्रजीत त्याला हवेतला बटाटा म्हणतात. शास्त्रीय नाव डायोस्कोरिया बल्बिफेरा, ते डायोस्कोरिडीस नावाच्या ग्रीक वैद्यावरून, जो पहिल्या शतकात होऊन गेला. तिकडे फ्लोरिडात हा वेल इतका माजलाय की लोक मोहिमा काढून त्याचे कंद वेचतात आणि नष्ट करतात. ‘आपण मात्र खातो,’ असं मी अशा थाटात म्हणालो, जणू ती युक्ती माझीच.

डोक्यावर टोपी, पायांत गमबूट, हातात काठी आणि कापडी पिशवी घेऊन मी एकटाच निघालो. दीड तास हिंडलो. त्यात माझी कमाई अशी: ‘खासगी मालमत्ता, आत येऊ नये’ असे चार फलक, ओढ्याकाठचं जुडीभर रानअळू, आणि खाजकुइली. खाजकुइली मी शोधली नाही. तिनं मला शोधलं.

आता खाजेचा विषय निघालाच आहे तर बोलतो. आपल्या पूर्वजांचं मला फार नवल वाटतं. अळू खाल्ल्यावर घसा खवखवतो, कारण त्याच्या पानादेठांत कॅल्शियम ऑक्झलेटच्या अतिसूक्ष्म सुया असतात. गुरांनी तोंड लावू नये म्हणून झाडानं केलेला हा बंदोबस्त. गुरांना तो एका घासात कळतो. माणसाला मात्र पहिल्या घासानंतर वाटलं असणार, की आणखी कशात तरी घालून बघावं. मग कुणीतरी चिंच घातली, कुणी आमसूल, कुणी आंबट चुका. सुरणाचं तेच. शेवळांचं तर विशेष. पावसाच्या तोंडावर ती जमिनीतून वर येतात, घशाला काटे आणतात, आणि नेमकी त्याच दिवसांत काकडाची आंबट फळं बाजारात दिसतात. शेवळं विकणारी बाई वाट्याशेजारी काकडं ठेवतेच. हे जुळवून आणेपर्यंत किती जणांचे घसे कामी आले असतील! त्यांच्या नावानं कुठे स्मारक नाही. ‘काय खाज आहे याला’ असं आपण नाक मुरडून म्हणतो खरं, पण ती नसती तर आपण आजही गुरांच्या शहाणपणानं जगलो असतो आणि अळूवडी नावाची गोष्ट जगात नसती. माझ्या आजीच्या चुलीपाशी एक कडक दंडक होता: अळू शिजत असताना खाज हा शब्द काढायचा नाही. काढला तर भाजी खाजते. आम्ही भावंडं मुद्दाम ‘ती खा, जा’ असं तोडून म्हणायचो आणि पाठीत धपाटा खायचो. आजी स्वतः हिरव्या देठाच्या अळवाला हात लावायची नाही, काळ्या देठाचंच घ्यायची. हे मला ओढ्याकाठी आठवायला हवं होतं. आठवलं ते नंतर.

असो. रिकाम्या पिशवीनं परतायचं कसं, या विवंचनेत मी डांबरी रस्त्यावर उतरलो, तर चिंचेखाली एक कातकरी बाई फडक्यावर वाटे मांडून बसलेली. चार वाटे, चारही करांद्यांचे. मी आधी पुढे गेलो. स्वाभिमान होता. मग मागे आलो. ‘मावशी, कसे दिले?’ माझ्यापेक्षा ती दहा वर्षांनी तरी लहान असेल, पण मावशी म्हटलं की भाव कमी होतो असा आपल्याकडे समज आहे. दोन वाटे ऐंशी रुपये. मी शंभराची नोट दिली. एवढ्यात मागून गाडीचा आवाज आला आणि तो मेहुण्याच्याच गाडीचा वाटल्यानं मी करांदे पिशवीत ओतून झाडीत शिरलो. गाडी दुधाची होती.

झाडीत मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. करांदे फार स्वच्छ दिसत होते. म्हणून त्यांना माती फासली.

‘काका,’ भाचा पिशवीत डोकावून म्हणाला, ‘हे हवेत लागतात ना? मग माती कशी?’

‘पिकले की गळून पडतात,’ मी म्हणालो. हे खरंही आहे. पण खरं बोलताना माझा आवाज पहिल्यांदाच कापला.

तीन दगडांची चूल मांडली. जाळ धरेना. मी फुंकून फुंकून डोळे लाल केले, मेहुण्यानं एक कोरडी काटकी आणि दिवाळी अंकाची दोन पानं घालून दोन मिनिटांत पेटवली. (पानं माझ्याच लेखाची होती. योगायोग असेल.) करांदे मिठाच्या पाण्यात चढवले आणि शेजारी अळवाचं फदफदं. चिंच कुणी आणली नव्हती. मी म्हटलं, कोकम चालतं. फ्रिजमध्ये कोकम सरबताची बाटली होती, ती ओतली. साखरेसकट.

फदफदं गोड झालं होतं. पहिला घास सगळ्यांनी कौतुकानं घेतला. मग हळूहळू बोलणी थांबली. बायको घसा खाकरली. मित्राच्या बायकोनं जीभ बाहेर काढून नुसतीच ठेवली. मेहुणा माझ्याकडे बघत राहिला, त्याला बहुधा काही म्हणायचं होतं, पण सुया आपलं काम करत होत्या.

नेमकी तेव्हा ती बाई फाटकातून आत आली. मागे वॉचमन.

‘दादा, तुमचे वीस रुपये राहिले.’

पदराची गाठ सोडून तिनं दहाच्या दोन नोटा काढल्या. मित्र कसाबसा म्हणाला, कशाला आलीस एवढं चालत, किती लांब आहे? ती म्हणाली, लांब नाही, पण आता वळसा पडतो. कुंपण नव्हतं तेव्हा इथूनच पायवाट होती, वाडीवरून थेट रस्त्याला. मग तिनं सहज मान वळवून स्विमिंग पूलकडे बघितलं. ‘वेल पण इथंच होता. आंब्यावर गेलेला. मोठे करांदे लागायचे.’

तक्रार नव्हती त्यात. कुणी गावातल्या जुन्या देवळाची जागा दाखवावी तसं दाखवलं. आंबा कुठे होता ते मित्रालाही आठवत नव्हतं, जागा घेतली तेव्हा सपाट करूनच मिळाली होती म्हणाला. त्याचा दोष म्हणावा तर तो भला माणूस आहे, दर पावसाळ्यात झाडं लावतो. मी तर त्याहून भला. मी ज्या रानातून दीड तास रिकामा हिंडलो, त्याच्या कुंपणाआड पाय न घालता तिनं चार वाटे भरले होते, आणि ते शोधल्याचं श्रेय मी तीनदा घेतलं होतं.

ती चुलीपाशी वाकली. झाकण काढून एक करांदा काडीनं टोचला. ‘कडू राहतील. राख टाका मूठभर, अन् पाणी बदला.’ मग अळवाच्या पातेल्यात डोकावली आणि काहीच बोलली नाही. ते जास्त लागलं.

मेहुण्याला तेवढ्यात आवाज सापडला. ‘मावशी, करांदे यांनीच शोधले ना?’

तिनं माझ्याकडे बघितलं. माझ्या गमबुटांकडे बघितलं.

‘हो, लई शोधलं त्यांनी,’ ती म्हणाली. ‘माझ्या समोरून दोनदा गेले.’

पोरं इतकी हसली की एकाच्या हातातली थाळी पडली. बायकोनं तिला पाणी दिलं, डब्यातले शंकरपाळे कागदात बांधून दिले. मी त्या वीस रुपयांच्या नोटा परत तिच्या हातात द्यायला गेलो, तर तिनं हात मागे घेतला. तिचा हिशेब झाला होता. मला काहीतरी म्हणायचं होतं, निदान नाव तरी विचारायचं होतं. तोंड उघडलं, पण घसा अळवानं पुरता धरलेला; नुसताच घोगरा आवाज निघाला. भाच्यानं मला पाणी आणून दिलं तोवर ती फाटकाबाहेर पडून कुंपणाच्या कडेनं वळसा घेऊन चाललीही होती.

मेहुणा चुलीतली राख काढत होता. ‘किती टाकू?’ त्यानं विचारलं. मी मूठ दाखवली.